अमुक गावचा अमुक : सरकारी नमुन्याची आठ शतके

सरकारी नोकरीत तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की आपण स्वतःचे असे पत्र फारच थोड्या वेळा लिहिले. बहुतेक पत्रे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली होती. आपण त्यांत नाव, तारीख आणि रक्कम भरली व खाली सही केली. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. एकाच प्रकारच्या दोन माणसांना सरकारकडून एकाच प्रकारचे उत्तर मिळावे, ही न्यायाची पहिली अट आहे आणि ती अट पाळण्याचे जुने साधन म्हणजे नमुना. तथापि या साधनाने गेल्या वर्षी माझ्याच हातून एका बाईवर अन्याय करविला. त्या निमित्ताने नमुन्याच्या इतिहासाकडे वळलो. तो इतिहास आणि ती चूक, दोन्ही येथे मांडतो.

प्रथम 'अमुक' या शब्दाविषयी. आपण तो बोलण्यात सहज वापरतो, पण त्याचे मूळ घर कागदोपत्री व्यवहारात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात कर्जाचा लेख कसा करावा हे सांगितले आहे. ऋणकोने शेवटी आपल्या हाताने लिहावे की, वर लिहिलेले अमुकाचा पुत्र अमुक अशा मला मान्य आहे; साक्षीदारांनीही आपापल्या पित्याच्या नावासह तसेच लिहावे; आणि लेखकाने, दोघांच्या विनंतीवरून हे मी अमुकाने लिहिले, असे नोंदवून लेख पुरा करावा. 'अमुक' म्हणजे रिकामी जागा. आजचा संगणक जी जागा दुहेरी महिरपी कंसांत दाखवितो, तीच ही.

मराठी घरात हा शब्द संकल्पाच्या वेळी कानावर पडतो. गुरुजी पोथीतील 'अमुक'च्या जागी यजमानाचे गोत्र व नाव घालतात. तिथी, वार, नक्षत्रही बदलतात. गोदावरीचा दक्षिण तीर मात्र बहुधा तसाच राहतो. बंगळुरूत आम्हां मराठी मंडळींचे त्यावाचून काही अडत नाही, कारण हे शहरही गोदावरीच्या दक्षिणेसच आहे. न्यू जर्सीतील वाचकांना मात्र ती सोय नाही. तेथे गुरुजींना खंडाचे आणि नदीचे नाव बदलावे लागते. पोथीत जो भाग कायमचा म्हणून छापलेला होता, तो घर बदलताच 'अमुक' ठरला. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

नमुन्यांचे स्वतंत्र ग्रंथही आपल्याकडे झाले. त्यांतील 'लेखपद्धति' हा गुजरातेतील संस्कृत संग्रह विशेष महत्त्वाचा असून तो 1925 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. जमिनीचे दान, गहाण, कर्जरोखा, घरगुती पत्र, राजाज्ञा अशा अनेक प्रकारच्या लेखांचे मासले त्यात आहेत. उघडच आहे की ते संकलकाने मनाने रचले नसावेत. कार्यालयातील जुन्या कागदांवरून त्याने ते बेतले असणार. म्हणजे दप्तरातून नमुना काढण्याचे जे काम आज आपण संगणकावर करतो, तेच त्याने लेखणीने केले.

या संग्रहात एक तहनामा आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि गुजरातचा लवणप्रसाद यांनी आपापल्या मुलखात राहावे, एकमेकांवर चालून जाऊ नये, असा त्याचा आशय असून वर्ष विक्रम संवत् 1288, म्हणजे इसवी सन 1231-32, असे दिले आहे. येथे संकलकाने नावांच्या जागी 'अमुक' घातले नाही. खऱ्या राजांची नावे तशीच राहू दिली. त्यामुळे इतिहासकारांपुढे पेच उभा राहिला. हा खरोखर झालेल्या तहाचा मसुदा, की तह कसा लिहावा हे दाखविण्यासाठी दोन प्रसिद्ध नावे घालून केलेला मासला? रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपल्या दख्खनच्या इतिहासात या लेखाची चर्चा केली आहे. संग्रहातील अनेक नमुन्यांवर हेच 1288 वर्ष आढळते, त्यामुळे ते तहाचे वर्ष की नमुना तयार झाल्याचे, ही शंका उरतेच. हा मजकूर कोणत्या कागदावरून घेतला, एवढी एक ओळ संकलकाने लिहून ठेवली असती, तर पुढच्या विद्वानांचे कितीतरी श्रम वाचले असते.

सिंघणाच्याच वंशातील महादेव व रामचंद्र या राजांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. पत्र कोणास कसे लिहावे, मायना कोणता घालावा, हे सांगणारी जी 'मेस्तके' मराठीत चालत आली, ती परंपरेने त्याच्या नावावर आहेत. पुढे मराठेशाहीत मायन्याचे शास्त्र चांगलेच मुरले. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' कोणास लिहावयाचे, आशीर्वाद कोणास, दंडवत कोणास, हे ठरलेले असे. मजकूर संपल्यावर मर्यादामुद्रा उमटे, म्हणजे तिच्या खाली कोणास काही वाढविता येऊ नये. पत्र अस्सल की बनावट, हे मजकुराइतकेच या चौकटीवरून ओळखले जाई आणि आजचा संशोधकही तीच कसोटी लावतो.

बंगळुरूचा या परंपरेशी थेट संबंध आहे. 1638 च्या सुमारास हे ठाणे विजापूरकरांकडून शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या कर्नाटकातील कारभारात नारोपंत हणमंते प्रमुख होते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत पुढे शिवाजीमहाराजांकडे आले आणि दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' त्यांच्या नावाशी निगडित आहे. या कोशाकडे आपण भाषाशुद्धीच्या दृष्टीने पाहतो; कारभारी माणसाला त्यात आणखी काही दिसते. लेखाची चौकट बव्हंशी तीच ठेवून तिच्यातील शब्द बदलण्याचा तो प्रयत्न होता. चौकट किती टिकाऊ असते पाहा : सत्ता बदलली, भाषा बदलू लागली, तरी चौकट राहिली.

इंग्रजी अमलात नमुना हाच महसुली कारभाराचा कणा झाला. महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला सातबारा म्हणतो, तो वस्तुतः गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड-उतारा आहे. आपल्या जमिनीची ओळख कोट्यवधी लोक फॉर्मच्या क्रमांकाने सांगतात, असे उदाहरण जगात क्वचितच असेल. कर्नाटकातील त्याचा भाऊ म्हणजे पहणी. 2000 सालच्या सुमारास कर्नाटक सरकारने 'भूमी' प्रकल्पाखाली हाताने लिहिलेल्या पहण्या संगणकावर चढविल्या. सुमारे 67 लाख खातेदारांचे सुमारे 2 कोटी उतारे राज्यातील 177 तालुक्यांत भरले गेले. त्या वेळी 15 रुपयांत छापील उतारा मिळू लागला आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता संपली. शेतकऱ्याची गाव-लेखापालाकडची खेटी त्यामुळे पुष्कळ कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण जुन्या वहीत समासात काहीबाही लिहिता येत असे; संगणकाच्या रकान्याला समास नसतो. जे रकान्यात बसत नाही, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक रूपांतराच्या वेळी कोणाला तरी सोडवावा लागतो. बहुधा तो सोडविणारा माणूस हुद्द्याने लहान असतो, पण त्याचा निर्णय मोठा असतो.

आता प्रत्यक्ष चुकीकडे वळतो.

एका कार्यालयाचे जुने संकेतस्थळ बंद होऊन नवे सुरू झाले. कार्यालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथील जबाबदारी माझी होती एवढे पुरे. नवे स्थळ दिसावयास देखणे होते, परंतु जुन्या स्थळावरील परिपत्रके, पत्रांचे मासले, प्रश्नोत्तरे त्यात आली नव्हती. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकावर निर्माण झालेले साहित्यही अभिलेख मानतो. पण कायदा आहे म्हणून दप्तर आपोआप राखले जाते असे नाही. सुदैवाने अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था 1996 पासून जगभरची पाने जतन करीत आली आहे आणि 2001 पासून तिचे वेबॅक मशीन सर्वांना खुले आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये तिने एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. आमचे हरवलेले दप्तर आम्हांला सॅन फ्रान्सिस्कोत सापडले.

एका तरुण सहकारी बाईंनी ही पाने उतरवून त्यांचे पत्र-नमुने करण्याचे काम अंगावर घेतले. पद्धत सांगण्यासारखी आहे. जतन केलेल्या प्रत्येक पानाच्या पत्त्यात चौदा अंकी शिक्का असतो : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. त्या अंकांपुढे एक छोटे चिन्ह जोडले की आर्काइव्हने वर चिकटविलेली पट्टी वगळून मूळ पान जसेच्या तसे मिळते. त्यातील चित्रे, दुवे, सजावट काढून टाकून उरलेला मजकूर गूगलच्या ड्राइव्ह सेवेकडे पाठविला की त्याचा दस्तऐवज होतो. मग 2019 पासून उपलब्ध असलेल्या डॉक्स एपीआयला आज्ञा द्यावयाची : अमुक शब्द जेथे जेथे असेल, तेथे दुहेरी कंसांतील रिकामी जागा घाल. पुढे कोणाचेही प्रकरण आले की त्याच्या नावानिशी पत्र क्षणात तयार.

यात दोन अडचणी आल्या. पहिली अक्षरांची. 2000 नंतरच्या दशकात आपल्याकडील कित्येक पाने युनिकोडमध्ये नव्हती. परदेशातील ज्या वाचकांनी त्या काळी मराठी पाने पाहण्यासाठी वेगळा फाँट उतरवून घेतला असेल, त्यांना ही गोष्ट आठवत असेल. अशा पानात आत रोमन लिपीचे संकेत असतात आणि वर फाँटचे कातडे. रूपांतरात कातडे गळून पडते आणि हाती निरर्थक रोमन अक्षरे उरतात. कन्नड पानांचीही तीच कथा. त्यांच्यासाठी आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागले आणि मग डोळ्यांनी तपासावे लागले.

दुसरी अडचण मोजणीची. ही सेवा दस्तऐवजातील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देते. 'क्षेत्र' हा आपल्या दृष्टीने दोन अक्षरांचा शब्द. तिच्या हिशेबी तो सात चिन्हांचा. आरंभी एखादा शब्द घातला की पुढचे सारे क्रमांक सरकतात. म्हणून अशा दुरुस्त्या दस्तऐवजाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे कराव्यात, असे सेवेच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे. आमच्या सहकारी बाईंनी तेही नेमके सांभाळले. काम उत्तम झाले. तीन आठवड्यांत साठ-सत्तर नमुने तयार झाले, तेव्हा मीच त्यांची पाठ थोपटली.

त्यांतील एक नमुना घटस्फोटित मुलीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावरील उत्तराचा होता. निवृत्त कर्मचाऱ्याच्या घटस्फोटित मुलीला, वय 25 च्या पुढे असले तरी, काही अटींवर हे वेतन मिळू शकते, असे केंद्र सरकारने 2004 मध्ये ठरविले. 2013 मध्ये खुलासा झाला की घटस्फोट आईवडिलांच्या हयातीत झालेला असावा. ही अट अनेकींना जाचक ठरली, कारण दावा वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर आईवडील थांबत नाहीत. म्हणून 19 जुलै 2017 च्या ज्ञापनाने ती सैल करण्यात आली : आईवडिलांपैकी कोणी हयात असताना न्यायालयात कार्यवाही सुरू झाली असेल, तर निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला तरी चालेल. पुढे 1972 चे निवृत्तिवेतन नियम जाऊन 2021 चे आले आणि जुना नियम 54 जाऊन त्याची जागा नियम 50 ने घेतली.

आमच्या नमुन्याचे मूळ पान 2014 मध्ये जतन झालेले होते.

अर्जदार बाईंनी आईच्या हयातीत दावा लावला होता. आई गेल्या आणि त्यानंतर दीड वर्षाने हुकूमनामा मिळाला. आमच्या कार्यालयातून त्यांना पत्र गेले की, घटस्फोट आईवडिलांच्या हयातीत झाला नसल्याने आपला अर्ज मान्य करता येत नाही. पत्र निर्दोष दिसत होते. नाव बरोबर, पत्ता बरोबर, दोन्ही तारखा बरोबर. किमान कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कमही अद्ययावत होती, कारण 2014 च्या पानातील 3,500 या आकड्याच्या जागी रिकामी जागा करून तिच्यात आजचे 9,000 भरण्याची व्यवस्था केलेली होती. नियमाचा क्रमांकही कोणीतरी बदलला होता. खाली सही माझी होती.

बाई स्वतः आल्या. त्यांच्या हातात 2017 च्या ज्ञापनाची प्रत होती. त्या म्हणाल्या, "साहेब, हे कोणी रद्द केले का? केले असेल तर तो कागद मला दाखवा." आवाज चढलेला नव्हता. दाखविण्यासारखा कागद माझ्याकडे नव्हता. मी त्यांना बसावयास सांगितले, फाइल मागविली आणि त्यांच्यासमोरच पत्र मागे घेण्याची टिप्पणी लिहिली. पुढे यथावकाश प्रकरण मार्गी लागले. मधल्या चार महिन्यांत त्यांनी घरखर्च कसा भागविला, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

मग त्या नमुन्यात काय चुकले, याचा आम्ही शोध घेतला. चूक यंत्राची नव्हती. त्याला जे बदलावयास सांगितले ते त्याने बदलले. चूक निवडीची होती. नाव, तारीख, आकडा या गोष्टी पाहताच कळते की त्या बदलणाऱ्या आहेत. त्यांना आम्ही 'अमुक' केले. अटीचे वाक्य मात्र सरळ, ठाम, सरकारी वळणाचे होते. त्यात ना नाव, ना आकडा. ते आम्हांला कायमचे वाटले. गोदावरीचा दक्षिण तीर असाच कायमचा वाटतो. गुजरातच्या संकलकाने बदलावयाची नावे तशीच ठेवली. आम्ही बदललेली अट तशीच ठेवली. दोन्ही ठिकाणी उणीव एकच : नमुना कोणत्या कागदावरून, कोणत्या दिवशीच्या स्थितीवरून घेतला, याची खूण नमुन्यावर राहिली नाही. चौदा अंकी शिक्का आम्ही सजावटीबरोबर पुसून टाकला होता.

माझा मूळ विषय अर्थशास्त्र, म्हणून त्या बाजूनेही एक शब्द. रोनाल्ड कोस यांनी 1937 च्या आपल्या निबंधात दाखविले की प्रत्येक व्यवहार नव्याने ठरविण्यास खर्च येतो आणि तो वाचविण्यासाठी माणसे संस्था उभारतात. नमुना हा अशाच खर्चाची बचत आहे. कारकुनाचे अर्धा तास वाचतात, अधिकाऱ्याला दर वेळी नियमपुस्तक उघडावे लागत नाही. परंतु या बचतीचा लाभ कार्यालयाला मिळतो आणि नमुना शिळा झाल्याचा खर्च टेबलापलीकडच्या माणसावर पडतो. ज्याला खर्च सोसावा लागत नाही, त्याला तो दिसतही नाही. म्हणूनच शिळे नमुने कार्यालयांत इतकी वर्षे सुखाने नांदतात. एपीआयने त्यात भर एवढीच घातली की जे काम पूर्वी एक कारकून दिवसाला पाच पत्रे या गतीने चुकीचे करी, ते आता पाचशे पत्रांच्या गतीने चुकू शकते.

आम्ही पुढे जे केले ते फार मोठे नाही. प्रत्येक नमुन्याच्या शेवटी तीन ओळी घातल्या. पहिलीत मूळ पानाचा पत्ता, चौदा अंकांसह. दुसरीत तो मजकूर ज्या नियमावर वा ज्ञापनावर उभा आहे त्याचा क्रमांक व तारीख. तिसरीत तो शेवटचा कोणी आणि केव्हा तपासला. पत्र बाहेर जाताना या ओळी छापल्या जात नाहीत. पण सही करणाऱ्याला त्या दिसतात आणि तपासणीस वर्ष उलटले असेल तर पत्र तयारच होत नाही. शिवाय अर्ज नामंजूर करणाऱ्या प्रत्येक पत्रात अटीचे वाक्य हीसुद्धा रिकामी जागा ठेवली आहे. ते वाक्य प्रकरण पाहणाऱ्याने त्या दिवशीचा नियम उघडून स्वतः लिहावयाचे. यात वेळ जातो, अशी तक्रार माझ्याकडे आली. वेळ जातो हे खरेच आहे, असे मी त्यावर लिहून ठेवले आणि आदेश कायम केला.

जुन्या पानांचे काय केले, असे कोणी विचारील. ती आम्ही नमुन्यांपासून वेगळी, अभिलेख म्हणून, जशीच्या तशी ठेवली आहेत. 2014 चे ते पान चुकीचे नाही. 2014 मध्ये सरकारचे म्हणणे काय होते, याचा तो खरा पुरावा आहे आणि उद्या एखाद्या न्यायालयात किंवा इतिहासकाराला त्याचा उपयोगही होईल.

मधल्या काळात त्या बाईंचे एक पत्र आले. वेतन सुरू झाल्याचे कळविणारे, साधे, हाताने लिहिलेले. ते कोणत्याही नमुन्यात बसत नव्हते. आवक-नोंदवहीत विषयाच्या रकान्यात काय लिहावे, असे कारकुनाने विचारले. मी म्हटले, "अर्जदाराचे पत्र, एवढेच लिहा, आणि तारीख विसरू नका."